ठिपक्याचा राग

महोदय,

तीस वर्षं मुद्रितशोधक होतो. एखादा पूर्णविराम राहून गेला तर रात्री झोप लागत नसे. परवा मुलीच्या मेसेजला ‘ठीक आहे.’ एवढंच उत्तर पाठवलं, तर तिचा लगेच फोन, ‘बाबा, रागावलात का?’ म्हटलं, कशावरून? तर म्हणे, शेवटच्या त्या ठिपक्यावरून! मेसेज पाठवला की वाक्य संपलंच. वर पुन्हा ठिपका देणं म्हणजे दार आपटून जाणं. (उपमा तिची, पण चपखल.)

रोमन लिपीतल्या मराठीवर मात्र मी उगाच चिडत आलो. जुन्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावत, देवनागरीची जेमतेम ७०. त्यातही काना, वेलांटी वेगळी मोजली जाई. आता ती अडचण राहिली नाही, सवय तेवढी राहिली.

गेल्या महिन्यात मला ताप आला. ‘व्हायरल आहे,’ असं सांगितल्यावर नातीचा पहिला प्रश्न: ‘कुठला व्हिडिओ?’

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की मी अजूनही मुलीला कळवतो. ठिपका मात्र सोडला

– एक निवृत्त मुद्रितशोधक