सरकारी कंपनी म्हणजे सरकारी पेन्शन नव्हे

चि. सौ. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "माझं काय, सरकारी कंपनी आहे, काकांसारखी पेन्शन आहेच." ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. सावकाश वाच आणि निखिललाही वाचायला दे.

काका राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले. त्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते, तिच्यावर महागाई भत्ता चढत राहतो आणि पुढे कुटुंबनिवृत्तिवेतनही आहे. तू केंद्रीय सार्वजनिक उपक्रमात अधिकारी आहेस. तुझ्या कंपनीत भांडवल सरकारचं असलं तरी तुझी पेन्शन सरकारच्या तिजोरीतून येत नाही. एप्रिल २०२५ पासून सुरू झालेली युनिफाइड पेन्शन योजनाही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. उपक्रमातल्या अधिकाऱ्यांना ती लागू नाही. तुझं निवृत्तीनंतरचं उत्पन्न किती, हे साठलेल्या पैशावरून ठरणार आहे आणि त्यावर महागाई भत्ता नाही. पुढचं सगळं या एका फरकातून निघतं.

तुझ्या योजनेचा पाया सार्वजनिक उपक्रम विभागाच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या आदेशात आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते, तिच्या जास्तीत जास्त ३० टक्के कंपनीने निवृत्तीच्या लाभांसाठी द्यायचे. या ३० टक्क्यांत चार वाटे आहेत: भविष्यनिर्वाह निधी (पीएफ), ग्रॅच्युइटी, पेन्शन आणि निवृत्तीनंतरची वैद्यकीय सोय. 'जास्तीत जास्त' हा शब्द विसरू नकोस. कंपनीला परवडलं नाही तर पेन्शनचा वाटा कमी होऊ शकतो. तुझे मूळ आणि भत्ता मिळून दीड लाख धर. ३० टक्के म्हणजे ४५,००० रुपये. पीएफचे १२ टक्के, म्हणजे १८,००० बाजूला काढ. ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण पावणेपाच टक्के. उरलेल्यात पेन्शन आणि औषधपाणी. पेन्शनचा वाटा कंपनीगणिक बदलतो. तुझ्याकडे तो ९ टक्के असेल तर महिन्याला १३,५०० रुपये तुझ्या नावाने कंपनीच्या पेन्शन ट्रस्टमध्ये जातात. नेमका आकडा एचआरकडून लेखी घे.

आता ही ट्रस्टची पेन्शन प्रत्यक्षात कशी मिळते ते बघ. निवृत्तीच्या दिवशी तुझ्या खात्यात १ कोटी जमले असं धरू. तुला ग्रॅच्युइटी मिळणार असल्याने त्यातला एक तृतीयांश भाग, म्हणजे सव्वातेहतीस लाखांच्या आसपास, एकरकमी करमुक्त घेता येतो. उरलेल्या पैशांतून विमा कंपनीकडून आयुष्यभर ठरावीक रक्कम देणारी अ‍ॅन्युइटी घ्यावी लागते. दर साडेसहा टक्के धरला तर वर्षाला ४ लाख ३३ हजार, महिन्याला ३६,००० रुपये, आणि तेही करपात्र. हे ३६,००० तू ६० वर्षांची असतानाही ३६,००० आणि ७२ वर्षांची असतानाही ३६,०००. महागाई ६ टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत त्यांची किंमत निम्मी होते. आज तुमचा घरखर्च ६०,००० आहे. त्याच गतीने सतरा वर्षांनी तोच खर्च १ लाख ६० हजारांवर जाईल. या दोन आकड्यांमधली दरी तुला आताच दिसावी, एवढ्यासाठी हा हिशेब मांडला.

ईपीएसची, म्हणजे पीएफला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन वेगळी आणि लहान. कंपनीच्या पीएफ हिश्श्यातले १,२५० रुपये दरमहा तिकडे जातात, कारण पगाराची मर्यादा १५,००० आहे आणि त्याचे ८.३३ टक्के तेवढेच होतात. सूत्र साधं आहे: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पण १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेसाठी पगार ६,५०० च्या मर्यादेतच धरतात. तू ऑगस्ट २००८ मध्ये पहिल्या नोकरीला लागलीस, म्हणजे सहा वर्षं जुन्या मर्यादेत आणि ५८ व्या वर्षापर्यंतची पुढची सत्तावीस नव्या मर्यादेत. वीस वर्षं सेवा झाली की दोन वर्षांची भर मिळते, ती धरूनही साडेसहा हजारांच्या आसपास पेन्शन बसते. त्यातही महागाईवाढ नाही. तुझ्यामागे निखिलला तिच्या निम्मी मिळेल. उच्च पेन्शनचा, म्हणजे १५,००० च्या मर्यादेऐवजी प्रत्यक्ष पगारावर पेन्शन मिळवण्याचा, संयुक्त पर्याय भरायची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली. तू तो भरला नव्हतास, तेव्हा त्या आशेवर हिशेब करू नकोस.

ईपीएसमध्ये एक गोष्ट हमखास चुकते. ही पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते आणि तुझी निवृत्ती ६० व्या. मार्च २०४१ मध्ये तू ५८ पूर्ण करशील, तेव्हा ईपीएसची वर्गणी थांबून ते १,२५० पुन्हा पीएफमध्ये वळायला हवेत. पगाराच्या संगणकात जन्मतारखेची नोंद चुकली की वर्गणी पुढेही जात राहते आणि दावा करताना नोंदी जुळत नाहीत. नोकरीत असतानाच फॉर्म १०-डी भरून पेन्शन सुरू करता येते, किंवा ६० पर्यंत थांबलीस तर दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. उलट पन्नाशीनंतर लवकर सुरू केली तर दर वर्षाला ४ टक्के कायमची कपात. तू नोकरीत असशील, पगार चालू असेल, तेव्हा ६० पर्यंत थांबावंस असं मला वाटतं.

तुझ्या हाताखालच्या नव्या मुलांनाही एक सांग. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच नोकरीला लागलेले आणि पगार १५,००० च्या वर असलेले लोक ईपीएसचे सभासदच होत नाहीत. त्यांच्या नावाने चुकून १,२५० जात असतील तर ते आजच दुरुस्त करून घ्यावेत. पंधरा वर्षांनी ती दुरुस्ती फार जड जाते.

आता कागद. यात मला खरी काळजी वाटते, कारण आपल्याकडे मुलींच्या बाबतीत हे फार घडतं. २००८ च्या नोंदीत तुझ्या नावापुढे बाबांचं नाव आणि माहेरचं आडनाव आहे. आधारवर निखिलचं नाव आणि सासरचं आडनाव. पॅनवर काय आहे ते तूच बघ. तिन्हीकडे नाव आणि जन्मतारीख अक्षरश: एकसारखी नसेल तर केवायसी पूर्ण होत नाही आणि दावा परत येतो. विवाहनोंदणीचा दाखला जोडून कंपनीमार्फत संयुक्त घोषणापत्राने हे बदलून घे. सेवेत असताना कंपनीची सही एका टेबलावर मिळते.

दुसरं, वारसनोंद. लग्नाआधी तू पीएफला माझं नाव लावलं होतंस. कुटुंब झाल्यावर ती नोंद आपोआप रद्द ठरते, पण नवी नोंद आपोआप होत नाही. लग्नानंतर ती बदलल्याचं तू कधी बोलली नाहीस. पीएफ, ईपीएस, ग्रॅच्युइटी, पेन्शन ट्रस्ट, गटविमा, प्रत्येकाचं नामनिर्देशन वेगळं भरायचं असतं. एकात भरलं म्हणजे सगळीकडे झालं असं नाही. ईशानचंही नाव घाल.

तिसरं, पहिल्या नोकरीची तीन वर्षं. खाजगी कंपनीतून इकडे येताना तू पीएफ बदलीचा अर्ज केला होतास. पैसे आले असतील, पण सेवेची नोंद आली का? ती 'परिशिष्ट के' नावाच्या कागदावर येते. त्यात रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि बिनपगारी दिवस लिहिलेले असतात. तुझ्या कंपनीचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे असल्याने ईपीएफओच्या (भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या) पासबुकात फक्त पेन्शनचा भाग दिसेल. जुन्या कंपनीत सोडल्याची तारीख कोरी राहिली असेल तर सेवा जोडली जात नाही. त्या तीन वर्षांनी पेन्शनमध्ये महिन्याला पावणेतीनशे रुपयांचाच फरक पडतो, हे खरं. पण ५८ व्या वर्षी अर्ज केल्यावर तुटक सेवा दिसली की सगळाच अर्ज अडकतो. दोन यूएएन (पीएफचे कायमचे सभासद क्रमांक) निघाले असतील तर तेही एकत्र करून घे. ईशानच्या वेळी घेतलेली बिनपगारी रजा पेन्शनच्या सेवेतून वजा होते. ते दिवस बरोबर लिहिलेत ना, एवढंच तपास.

घर मोठं घ्यायचं म्हणून पीएफमधून ५ लाख काढायचा विचार आहे, असं निखिल बोलला. काढण्याआधी हे बघ: सध्याच्या ८.२५ टक्क्यांनी ते ५ लाख सतरा वर्षांत १९ लाख होतात. पेन्शन आणि घरखर्चातली ती दरी भरून काढायला तुझ्याकडे सगळ्यात भरवशाचं साधन पीएफच आहे. त्यातून काढू नकोस, जमलं तर भर घाल. स्वेच्छेने जादा वर्गणी देता येते, पण तुझी स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या वर गेली की वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. तुझे १८,००० रुपयांनी वर्षाला २ लाख १६ हजार होतात. म्हणजे जागा ३४,००० ची, महिन्याला २,८०० रुपये. तेवढे सुरू कर. त्यापलीकडची बचत शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या इंडेक्स फंडासारख्या ठिकाणी कर, कारण महागाईच्या पुढे धावणारं तुझ्या बाकीच्या लाभांत काहीच नाही.

ग्रॅच्युइटी मूळ आणि भत्त्याच्या १५/२६ पट, गुणिले सेवेची वर्षं. दीड लाखावर एका वर्षाला ८६,५०० रुपये पडतात, त्यामुळे साधारण तेवीस वर्षांतच २०१७ मध्ये ठरलेली २० लाखांची मर्यादा गाठली जाते. सार्वजनिक उपक्रम विभागाच्या ३ ऑगस्ट २०१७ च्या आदेशाप्रमाणे महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की मर्यादा २५ टक्क्यांनी वाढते, पण करमाफीची मर्यादा तिच्यामागे आपोआप जात नाही. रजेचं म्हणशील तर ३०० दिवसांपर्यंतची शिल्लक निवृत्तीला रोखीत मिळते आणि २५ लाखांपर्यंत करमाफी आहे. दरवर्षी दिवाळीला रजा विकतेस ती पूर्ण करपात्र असते. शिल्लक ३०० च्या खाली असेल तर विकू नकोस.

खाजगी कंपनीकडून बोलावणं आलंय असं म्हणालीस. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण हिशेब पूर्ण मांड. त्याच २०१७ च्या आदेशाने पेन्शनसाठीची पंधरा वर्षं सेवेची आणि नियत वयापर्यंत थांबण्याची अट काढली, त्यामुळे ट्रस्टमधला पैसा तुझाच राहतो. निवृत्तीनंतरच्या वैद्यकीय सोयीला मात्र दोन्ही अटी कायम आहेत. राजीनामा दिलास तर तू आणि निखिल दोघांचीही ती सोय जाते. साठीनंतर नवराबायकोचा आरोग्यविमा बाहेरून घ्यायचा तर हप्ता किती पडतो, ते आज विचारून त्या कंपनीच्या पगारवाढीशेजारी लिही.

अ‍ॅन्युइटी निवडायची वेळ दूर आहे, पण एकदा घेतली की प्रकार बदलता येत नाही, म्हणून आत्ताच सांगते. फक्त तुझ्या हयातीची घेतलीस तर आकडा सगळ्यात मोठा दिसतो आणि तुझ्यामागे शून्य होतो. निखिलचा धंदा आहे, त्याला पेन्शन नाही. तुमच्यासाठी संयुक्त हयातीची, मागे राहणाऱ्याला पूर्ण रक्कम देणारीच योग्य. मूळ रक्कम ईशानला परत मिळण्याचा पर्याय घेतला तर महिन्याची रक्कम उतरते. तोवर ईशान कमावता असेल, त्यामुळे माझा कल महिन्याची रक्कम जास्त ठेवण्याकडे आहे. पीएफचे पैसे निवृत्तीनंतर तिथेच पडू देऊ नका, कारण त्यानंतरचं व्याज करपात्र असतं. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता येतात. आजच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० मिळतात. निखिलच्या नावाने त्याच्या साठीनंतर वेगळी मर्यादा आहे.

या शनिवारी यूएएनचं सेवा-पान आणि 'परिशिष्ट के' ची प्रत काढ, दोन्हीचे फोटो मला पाठव. तारखा मी जुळवून बघते. आधार आणि पॅनवरची नावंही जशी छापली आहेत तशी लिहून पाठव.

ईशानचा खोकला कमी झाला का, ते कळव. निखिलला आशीर्वाद.

तुझी,
आई