उरलेला युरिया माळावर नको

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार,

उसाच्या भरणीतून, म्हणजे उसाला माती चढवताना दिलेल्या खतातून, उरलेला युरिया माळावरच्या गवतावर फेकायचा का, असं बाबांनी विचारलं होतं. फेकू नका. फोनवर आकडे ध्यानात राहत नाहीत, म्हणून लिहूनच पाठवते.

गवत वाढणार, यात शंका नाही. पण माळावर एकच पीक नसतं. मारवेल, पवन्या, कुसळी आणि त्यांच्या बुडाशी रानमुगासारख्या वेली असं सगळं मिसळून असतं. युरियातलं नत्र (नायट्रोजन) मिळालं की उंच, दांडगं गवत आधी उसळतं आणि खालच्यांचं ऊन अडवतं. वेली मुळांवरच्या गाठींतून स्वतःचं नत्र मिळवतात, तो त्यांचा फायदाही मग संपतो. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८५६ पासून एका कुरणाचे तुकडे पाडून हेच पाहतायत. बिनखताच्या तुकड्यात चाळीसच्या आसपास जाती आहेत. वर्षानुवर्षं भरपूर अमोनियम सल्फेट पडलेल्या, चुना न घातलेल्या तुकड्यात उरल्या दोन-तीन, कारण तिथं सावलीबरोबर माती आंबटही झाली. आपल्या पन्हाळ्याकडची तांबडी माती मुळातच आंबट. म्हणजे वैरणीचा भारा मोठा होईल, पण त्यातला वेलींचा द्विदल पाला, म्हणजे म्हशीला मिळणारी प्रथिनं, कमी होतील. गेलेल्या जाती खत बंद केल्यावर लगेच परतत नाहीत.

उसाचं उलट आहे. तिथं एकच पीक, आणि दरसाल टनांनी माल रानाबाहेर जातो. खत द्यावंच लागतं. सुरू उसाला, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या उसाला, एकरी १०० किलो नत्र, ४६ स्फुरद (फॉस्फरस), ४६ पालाश (पोटॅश). युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे युरिया साधारण २१७ किलो, ४५ किलोच्या पाच गोण्यांना थोडा कमी. लावणीला २२ किलो, सहा ते आठ आठवड्यांनी ८७, बारा ते सोळा आठवड्यांनी २२, भरणीला ८७. स्फुरद-पालाश निम्मं लावणीला, निम्मं भरणीला. गोणी २६६ रुपयांना मिळते म्हणून हात सैल सुटतो, पण भरणीनंतर टाकलेल्या युरियानं ऊस लोळतो आणि त्यातली साखर घटते.

युरिया वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, टाका आणि मातीआड करा. उघडा राहिला तर अमोनिया होऊन उडतो. सुपर फॉस्फेटमध्ये आदल्या दिवशी मिसळून ठेवू नका, चिखल होतो.

उरलेला द्यायचाच तर गोठ्यामागच्या हत्तीगवताला द्या. कापणी झाली की एकरी अर्धी गोणी, लगेच पाणी. पुढची वैरण पुरती वाढल्यावरच कापा. कोवळ्यात नायट्रेट साठलेलं असतं, ते जनावराला बाधतं.

आई, गोणी दावणीपासून लांब, फळीवर, तोंड बांधून ठेव. म्हशी मीठ समजून युरिया चाटतात, आणि पोटात जास्त गेला तर तासाभरातच जनावर फुगून आडवं होतं.

तुमची,
लेक