‘झटके’ कोणाच्या मेंदूला, आणि कशासाठी?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत मेंदूतील जोडण्यांविषयी आलेला लेख वाचला. विषय सोपा करून सांगितला आहे, मात्र ‘मेंदूला विजेचे झटके देऊन शास्त्रज्ञांनी नकाशा काढला’ हे वाक्य खटकले. ईईजी (मेंदूतील विजेच्या हालचालीची नोंद) तंत्रज्ञ म्हणून माझी नोकरी अपस्माराच्या रुग्णांमध्ये गेली. नातेवाईक फिटलाही ‘झटका’च म्हणतात, त्यामुळे हा शब्द वाचून ते दुप्पट घाबरतील.

ज्यांच्या फिट्स औषधांनी आटोक्यात येत नाहीत आणि ज्यांच्या शस्त्रक्रियेचा विचार चालू आहे, अशा रुग्णांच्या मेंदूत आजाराचे मूळ शोधण्यासाठी बारीक इलेक्ट्रोड (वीज टिपणारे आणि सोडणारे अग्र) बसवतात आणि फिट येण्याची वाट पाहत त्यांना काही दिवस वॉर्डात ठेवतात. त्याच दिवसांत जोडण्या तपासण्यासाठी इलेक्ट्रोडवरच्या शेजारच्या दोन संपर्कबिंदूंमधून साधारण सेकंदाला एक, असा मिलिसेकंदाहूनही लहान आणि काही मिलिअँपिअरचा विजेचा स्पंद सोडला जातो. ‘ताई, काही जाणवतंय का?’ असे विचारल्यावर मोबाइलवर मालिका पाहणाऱ्या बाईंनी ‘का, सुरू झालं?’ असे उलट विचारल्याचे मला आठवते. पडद्यावर मात्र काही सेंटिमीटर दूरच्या इलेक्ट्रोडवर ५० मिलिसेकंदांच्या आत लाट उमटत होती. मेंदूची स्वतःची खळबळ इतकी असते की एका स्पंदाने ही लाट खात्रीने ओळखू येत नाही, म्हणून वीस-तीस स्पंदांची सरासरी काढावी लागते.

एमआरआयवर तंतूंचा रस्ता दिसतो, पण संदेशांची वाहतूक कोणत्या दिशेने चालते ते कळत नाही. स्पंदाने ते कळते. मेंदूविकारतज्ज्ञ रिकी मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ रुग्णांच्या भाषाक्षेत्रांची अशी तपासणी केली, तेव्हा पुढच्या आणि मागच्या क्षेत्रांमधील संवाद दोन्ही बाजूंनी चालतो असे दिसले. अर्थात इलेक्ट्रोड आजाराच्या संशयानुसार बसवलेले असतात, संशोधकाच्या कुतूहलानुसार नव्हे. एका रुग्णाचा नकाशा त्यामुळे तुटकच राहतो आणि फ्रान्समधील ग्रेनोबल येथे सुरू झालेल्या ‘एफ-ट्रॅक्ट’सारख्या, मेंदूतील जोडण्यांचा नकाशा काढणाऱ्या प्रकल्पाला शेकडो रुग्णांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. क्वचित स्पंदामुळे फिटही येऊ शकते, म्हणून डॉक्टर जवळ असावे लागतात.

या तंत्राचा पूर्वेतिहास लेखात यायला हवा होता. १८७४ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे डॉक्टर रॉबर्ट्स बार्थोलो यांनी मेरी रॅफर्टी या कर्करोगग्रस्त स्त्रीच्या उघड्या पडलेल्या मेंदूत सुया घालून वीज सोडली. प्रवाह वाढवल्यावर तिला आकडी आली, आणि काही दिवसांत ती मरण पावली. टीका झाल्यावर बार्थोलो यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या संपादकांना पत्र लिहून खेद व्यक्त केला.

आज संमतिपत्रावर सही घेतली जाते. तरी शस्त्रक्रियेच्या निर्णयासाठी लागणारे स्पंद कोणते आणि निव्वळ संशोधनासाठीचे कोणते, हे रुग्णाला वेगळे करून, त्याच्या भाषेत आणि डोक्याला वायरी लागण्यापूर्वी सांगितले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. डोक्याला पट्ट्या बांधलेला माणूस समोर उभ्या डॉक्टरांना सहसा ‘नाही’ म्हणत नाही. आपल्या लेखात या रुग्णांचा एकदाही उल्लेख नाही. पुढील भागात तो करावा, ही विनंती.

— एक निवृत्त ईईजी तंत्रज्ञ, ठाणे