एमसीबी माणसाला वाचवण्यासाठी नसतो

महोदय,

पावसाळा लागला की कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेत वीज उतरून कुणी दगावल्याच्या बातम्या येऊ लागतात, आणि त्यांत ‘उच्च दाबाचा धक्का’ हे शब्द हमखास असतात. वास्तविक घरातला दाब २३० व्होल्टच असतो. जिवावर बेतते ती छातीतून वाहणारी वीज, आणि ती किती वाहील हे दाबाइतकेच शरीराच्या रोधावर (विजेला होणाऱ्या अडथळ्यावर) ठरते. हिवाळ्यात सिंथेटिक स्वेटर काढताना उडणारी ठिणगी हजारो व्होल्टची असते, तरी तिच्यात विद्युतभार इतका थोडा असतो की काही इजा होत नाही.

कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो. हात ओले आणि पाय अनवाणी असले की शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो आणि मग २३० व्होल्टला सुमारे २३० मिलिअँपिअर वीज शरीरातून जाते. एका मिलिअँपिअरला झिणझिण्या येतात, दहाच्या पुढे स्नायू आखडून मूठ आवळली जाते (‘तारेला चिकटला’ म्हणतात ते हेच), तिसाच्या पुढे श्वास अडखळू लागतो आणि पन्नास ते शंभरच्या टप्प्यात, वीज सेकंदभर जरी वाहिली तरी, हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहण्याचा धोका असतो.

सुरक्षेचे विचारले की मिळणारे ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ हे उत्तर म्हणूनच अपुरे आहे. एमसीबी म्हणजे वीज ठरल्यापेक्षा जास्त वाहू लागली की आपोआप पडणारा खटका. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा हजार मिलिअँपिअरपर्यंत पडतच नाही; तो वायर तापून आग लागू नये म्हणून बसवलेला असतो. माणसासाठी लागतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, जो फेजने गेलेली वीज न्यूट्रलने तेवढीच परतते का हे पाहतो आणि फरक पडताच, म्हणजे वीज शरीरातून जमिनीत जाऊ लागताच, सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर मात्र त्याचाही उपयोग नाही. टाइल्सवर लाखभर खर्च करणारे घरमालक नेमका हाच खर्च टाळतात, हे पाहून आश्चर्य वाटते.

वार्ताहरांना विनंती, की अशा अपघाताची बातमी देताना त्या घरात आरसीसीबी होता का आणि अर्थिंग शाबूत होते का, हे विचारून छापावे.

– एक वाचक, कराड