फ्लाय पोस्टात टाकण्याआधी हे वाच

चि. मनू,

तू हिमाचलमध्ये तीर्थनच्या मैत्रिणीला फ्लाय पाठवल्यास, म्हणजे मासे पकडायच्या गळावर पिसं-दोरा बांधून केलेले ते खोटे किडे, त्यांचे तिने काढलेले फोटो काल बघितले. बाबांनी तर चष्मा लावून झूम करून बघितले आणि "अरेरे, हॅकल गेलं की सगळं, पिसाचे केस पार झोपले" म्हणून उठून चहा टाकायला गेले. बांधणी छान आहे गं तुझी, तेही म्हणाले, पण बबलच्या पाकिटात कोंबून पाठवलंस तिथे घात झाला. फ्लाय बांधणं हे बाबांचं डिपार्टमेंट, पण आपल्या घरातून जे पोस्टात जातं ते सगळं मी पॅक करते, त्यामुळे हे माझ्याकडूनच ऐक.

बबल कशासाठी असतो, तर काच फुटू नये म्हणून. ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, धक्क्याने फुटत नाही, ती एवढी हलकी की दहाव्या मजल्यावरून टाकलीस तरी तिला काही होणार नाही. तिला भीती दाबाची. ते पिसाचे केस गळाभोवती गोल ताठ उभे असतात म्हणून ती पाण्यावर नीट बसते, ते एका बाजूला झोपले की फ्लाय कलंडते आणि ट्राउट मासा काही अडाणी नाही. बबलचं पाकीट पोत्यात खाली गेलं की दोन्हीकडून दाबतंच. आणि लहानपणी माझ्याबरोबर सिटी पोस्टात यायचीस तेव्हा ठप्प्याच्या आवाजाने दचकायचीस ना, तो ठप्पा आठव, तो नेमका तुझ्या पाकिटावर बसणार आहे असं धरूनच पॅकिंग करायचं.

म्हणून ड्राय फ्लायला कडक डबी पाहिजे, तिथे पैसे वाचवू नकोस. मी बोहरी आळीतून छोट्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्या डझनावर आणते, तिकडे बंगलोरलाही होलसेलची गल्ली असेलच, नाहीतर दागिन्यांची किंवा गोळ्यांची डबी चालते, फक्त झाकण दाबल्यावर आत जायला नको. तळाला पांढऱ्या पॅकिंग फोमची बोटभर रुंद पट्टी डबल टेपने लावायची, टेप पट्टीच्या बाहेर डोकावता कामा नये, एक केस चिकटला तरी ओढताना तुटतो. मग ब्लेडने त्या पट्टीला आडव्या चिरा द्यायच्या आणि गळाचा वाकडा भाग चिरेत सरकवायचा, टोक फोममध्ये लपलं पाहिजे आणि हॅकल फोमच्या वर हवेत राहिलं पाहिजे, शेजारच्या फ्लायला टेकायला नको, भिंतीला नाही, झाकणाला तर अजिबातच नाही. थर्माकोल घेऊ नकोस, गळ दोनदा टोचला की भोक मोठं होतं आणि त्याचे दाणे पिसात जाऊन बसतात, ते काढता काढता जीव जातो. झाकण लावलं की डबी उलटी कर आणि कानाशी धरून हलव. बारीक जरी टकटक ऐकू आली तरी कुठली तरी सुटलीये, उघड परत.

निम्फ आणि स्ट्रीमरला हे कौतुक लागत नाही. त्या पाण्यात भिजून बुडायच्याच असतात, थोड्या चपट्या झाल्या तर पहिल्यांदा पाण्यात फेकल्या की सरळ होतात. मी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापते, त्यात गळ टोचून वरून घडी घालते आणि झिपच्या पाऊचमध्ये टाकते (जोशांच्या मुलाच्या पत्रिकेत बाबांच्या कितीतरी वूली बगर, त्याही स्ट्रीमरच, गेल्या असतील). टोक मात्र झाकलेलंच पाहिजे, पोस्टमनच्या हाताला लागलं तर काय तोंड दाखवणार आपण.

आता डबी पाकिटात नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यात. नवीन खोकं विकत घेऊ नकोस, ऑनलाइन सामान येतं त्याचंच कापून डबीच्या मापाचं बनव, आत डबी सैल राहिली तर कागदाचे बोळे भर. पत्ता बॉलपेनने लिही, वर पारदर्शक चिकटपट्टी मार, पिनकोड आणि दोघींचे फोन नंबर विसरू नकोस, आणि एक चिठ्ठी आतही टाक की आत गळ आहेत, जपून उघडा.

पैशाचं गणित सगळं वजनात आहे. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच घेतलं, त्यामुळे आता तेच एक. कागदपत्रांच्या पाकिटाला ५० ग्रॅमपर्यंत शहरात १९ रुपये आणि बाहेर भारतात कुठेही ४७, वर जीएसटी, खोक्याला पार्सलचा दर लावतात का ते खिडकीवर आधी विचार. ५० च्या वर एक ग्रॅम गेला की बंगलोरहून हिमाचलला थेट सत्तरच्या पुढे. तर सील करायच्या आधी किचनच्या काट्यावर ठेव, काटा पुढे गेला तर टेपचे वेढे कमी कर, खोकं लहान कर, डबीला हात लावू नकोस. टंगस्टनच्या मण्यांच्या निम्फ जड असतात, त्या जास्त असतील तर पुढच्या खेपेला ठेव. आणि विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टात १० टक्के सूट आहे, कॉलेजचं आयकार्ड घेऊन जा, लाजू नकोस विचारायला.

खोक्यात बुटांबरोबर येणारी सिलिका जेलची पुडी टाक, दमट हवेत गळ गंजतात. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत, किडीसाठी टाकतात लोक, पण त्याने थर्माकोल आणि काही प्लॅस्टिक विरघळतं आणि वास तर पिसांना धरून बसतो. पिसं कोंबडीवाल्याकडून आणलीस की शॅम्पूने धुऊन पूर्ण वाळव आणि पिशवीत बंद करून थोडे दिवस फ्रीझरमध्ये ठेव. तुझी रूममेट किंचाळेल, तिला आधीच सांगून ठेव.

तुझ्या त्या जर्मनीतल्या मित्राला पाठवायचं म्हणतेस ते थांबव. मोराच्या पिसाचा हर्ल, म्हणजे बारीक तंतू, तू बहुतेक निम्फमध्ये वापरतेस ना? आपोआप गळलेली पिसं देशात विकली-घेतली तर चालतात, पण देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, फ्लायमध्ये बांधलेली असली तरी. आणि सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याची पिसं कुणी "जंगल कॉक" म्हणून देऊ केली तर हात लावू नकोस, तो १९७२ च्या कायद्याखाली संरक्षित आहे. मित्राला निव्वळ पाळीव कोंबडीच्या पिसांच्या आणि दोऱ्याच्या बांध, आणि त्यांच्या कस्टम्सचे नियम त्यालाच विचारायला लाव.

मैत्रिणीकडे गेलेल्या फ्लाय फेकायला सांगू नकोस. किटलीत पाणी उकळवून वाफेवर चिमट्याने दोन-चार सेकंद धरायच्या, केस परत उभे राहतात, मग उघड्यावर पूर्ण वाळू द्यायच्या, ओल्याच डबीत भरल्या तर गंज ठरलेला. चिमट्यानेच हं, बोटाने धरू नको म्हणावं, वाफ भाजते.

हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर बंद असते, तेव्हा पुढचं पार्सल फेब्रुवारीच्या मध्यात टाक, सीझन उघडायच्या आधी तिच्या हातात पडेल. बाबांना तुझ्या १६ नंबरच्या ॲडम्स ड्राय फ्लायचा जवळून काढलेला फोटो हवाय, मागच्या बाजूने, शेपटी दिसेल असा. पाठव आजच, नाहीतर मला दिवसभर विचारत बसतील.

आई