घरी बांधलेल्या विमानालाही तपासणी असते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मध्यंतरी प्रसिद्ध झालेले पत्र मी इंटरनेट आवृत्तीत वाचले. अमेरिकेत कोणीही उठतो, गॅरेजमध्ये विमान बांधतो आणि सरकारला न विचारता उडवतो, आपल्याकडे मात्र माणूस फायलींखाली दबून जातो, असा त्या पत्राचा सूर होता. त्यातील दुसऱ्या भागाशी मी बराचसा सहमत आहे. पहिला भाग मात्र खरा नाही, आणि तो खरा मानून आपल्याकडे नियम सैल करण्याची मागणी केली, तर ती पहिल्याच अपघातात कोसळेल. मी मूळचा पुण्याचा. उड्डाणाचे पहिले धडे हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर घेतले आणि गेली २२ वर्षे ओहायो राज्यात इंजिनिअर म्हणून काम करतो आहे. दुसऱ्या एका गृहस्थाने घरी बांधलेले आणि नऊ वर्षे हँगरमध्ये धूळ खात पडलेले आरव्ही-४ जातीचे दोन आसनी विमान मी विकत घेतले, तीन वर्षे खपून दुरुस्त केले, आणि गेल्या वर्षी रीतसर तपासणी करून घेऊन उडवले. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, नियमांत हौशी बांधणीच्या विमानांचा ‘प्रायोगिक’ या सदराखाली एक स्वतंत्र वर्ग आहे. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेले असले पाहिजे, ही त्याची मुख्य अट आहे; म्हणूनच कारखान्यातून आलेले एखादे जुने सेसना कोणी पत्र्यापासून पुन्हा उभे केले, तरी ते या वर्गात बसत नाही. बांधणाऱ्याने कामाची रोजनिशी आणि छायाचित्रे ठेवायची, विमान पूर्ण झाले की आराखडा व वजनाचा तक्ता जोडून अर्ज करायचा, आणि मग एफएएचा निरीक्षक किंवा एफएएने नेमलेला प्रतिनिधी येऊन कागद आणि विमान दोन्ही पाहतो. त्याचे समाधान झाले, तर गुलाबी कागदावर विशेष उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळते आणि त्यासोबत उड्डाणमर्यादांची काही पाने. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर सर्वसाधारणपणे पहिले २५ तास, नसेल तर ४० तास, ठरवून दिलेल्या क्षेत्रातच आणि प्रवासी न घेता उडवावे लागते. कॉकपिटच्या दाराशी ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो, आणि हे विमान हौशी बांधणीचे असून नेहमीच्या विमानांसाठीच्या सुरक्षानियमांत बसत नाही, अशी पाटी प्रवाशाला दिसेल अशी आत लावावी लागते. माझी पत्नी पहिल्यांदा मागच्या आसनावर बसली, तेव्हा तिने ती पाटी मोठ्याने वाचून दाखवली.

हे झाले नव्या विमानाचे. जुने विमान दुसऱ्याच्या हाती गेले, की प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. गुलाबी प्रमाणपत्राला मुदत नसते, ते विमानाबरोबर नव्या मालकाकडे जाते. पण दर बारा महिन्यांनी विमानाची सर्वांगीण तपासणी झाली नसेल, तर त्या कागदाच्या आधारे उडता येत नाही. मूळ बांधणाऱ्याला ही तपासणी स्वतः करण्याचा खास परवाना मिळू शकतो, मात्र तो त्या माणसापुरता आणि त्या एका विमानापुरताच असतो. विमान विकले तरी परवाना विकता येत नाही. यातून एक विचित्र स्थिती निर्माण होते. या वर्गातील विमानावर दुरुस्तीचे काम करायला कायद्याने कोणताही परवाना लागत नाही, त्यामुळे पंख सोडवून पुन्हा जोडण्यापर्यंत सारे काही मी माझ्या हाताने करू शकत होतो. पण वार्षिक तपासणी करून विमान उडवण्यास ठीक आहे असे लिहिण्याचा अधिकार मला नव्हता. त्यासाठी एफएएचा परवाना असलेला मेकॅनिकच हवा होता.

पहिला अडथळा कागदाचाच आला. प्रमाणपत्र विमानात होते, पण उड्डाणमर्यादांची पाने गहाळ झालेली होती. ती पाने प्रमाणपत्राचाच भाग मानली जातात आणि उड्डाणाच्या वेळी विमानात असावी लागतात. सुदैवाने प्रत्येक नोंदणीकृत विमानाची फाईल एफएएच्या ओक्लाहोमा सिटी येथील नोंदणी शाखेत जतन केलेली असते आणि किरकोळ शुल्क भरून कोणालाही तिची प्रत मागवता येते. त्या फायलीत मूळ अर्ज, निरीक्षकाची सही आणि हरवलेली पानेही निघाली. इतक्या वर्षांपूर्वीचा कागद एका अर्जावर घरपोच मिळावा, याचे मला, महाराष्ट्रातील सातबाऱ्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला, जे वाटले ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

विमानाची अवस्था कागदांपेक्षा वाईट होती. उंदरांनी डाव्या पंखाच्या टोकात घरटे केले होते, आणि त्यांच्या मूत्राने ॲल्युमिनियमच्या पत्र्याला ठिकठिकाणी पांढरी भुकटी धरली होती. पेट्रोलच्या टाकीत हवा जाण्यासाठी जी बारीक नळी असते, तिच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. नळी तशीच राहिली असती तर टाकीत पोकळी तयार होऊन इंजिनाला पेट्रोल मिळणे थांबले असते, आणि तेही जमिनीवर नव्हे, उड्डाणानंतर काही मिनिटांनी. या विमानातल्या लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो, त्यामुळे इंजिन वर्षानुवर्षे बंद राहिले की त्यावरील तेल ओघळून जाते आणि गंज चढतो. मी दोन सिलिंडर उतरवून पाहिले, तेव्हा कॅमवर नखाला जाणवतील असे खड्डे होते. बाहेरून हाताने प्रोपेलर फिरवला असता इंजिन अगदी सुरळीत फिरत होते, हे मुद्दाम नमूद करतो. रबराच्या सगळ्या नळ्या, टायर आणि आपत्कालीन संदेशयंत्राची बॅटरी बदलली, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

एवढे करून मी मेकॅनिकला बोलावले, तेव्हा तो फार तर एका दिवसात आटोपेल, अशी माझी समजूत होती. त्याने चार दिवस घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उजव्या पंखाखालच्या झाकणातून आरसा आणि विजेरी आत घालून बराच वेळ गप्प बसला होता. मग त्याने माझा हात धरून आत नेला आणि एलेरॉनच्या, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरील हलत्या पट्टीच्या, दांडीवरील चेक नटवर (जोड सैल होऊ नये म्हणून लावलेल्या नटवर) माझे बोट टेकवले. नट बोटाने फिरत होता. तो मीच सहा महिन्यांपूर्वी बसवला होता आणि नंतर घट्ट करू म्हणून तसाच सोडला होता. नट आवळल्यावर त्यावर लाल रंगाची रेघ ओढायची आणि रेघ नसेल तर तो आवळलेला नाही असे समजायचे, हा नियम मला ठाऊक होता. पण स्वतःच्या कामाकडे पाहताना डोळ्याला जे असायला हवे तेच दिसते. मेकॅनिक मला एक शब्दही बोलला नाही. त्याने यादीत तो नट लिहिला आणि पुढच्या झाकणाकडे गेला.

शेवटी त्याने लॉगबुकात जे वाक्य लिहिले, त्याची शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. हे विमान ‘सुरक्षितपणे चालवण्याच्या स्थितीत’ आढळले, एवढेच ते वाक्य म्हणते. कारखान्यात बनलेल्या विमानाच्या नोंदीत ‘उड्डाणयोग्य’ असा शब्द येतो, आणि त्याचा अर्थ असा, की विमान मंजूर आराखड्याबरहुकूम आहे. घरी बांधलेल्या विमानाला मंजूर आराखडाच नसतो, म्हणून तो शब्द तेथे वापरता येत नाही. त्या दिवशी, त्या डोळ्यांना, ते विमान कसे दिसले, यापलीकडे ती सही कशाचीही हमी देत नाही.

ही मर्यादा किती महागात पडू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे गायक जॉन डेन्व्हर यांचा मृत्यू. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरात त्यांचे लाँग-ईझी जातीचे विमान कोसळले. ते दुसऱ्याने बांधलेले होते आणि त्यांनी नुकतेच विकत घेतले होते. मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पायांजवळ असलेला पेट्रोलच्या टाक्या बदलण्याचा कॉक बांधणाऱ्याने त्याच्या डाव्या खांद्यामागे नेला होता, आणि त्यावर कोणती टाकी कोठे याची खूणही नव्हती. कॉक वळवताना अंग मागे वळते आणि त्या ओघात उजव्या पायाचा दाब रडरवर, म्हणजे शेपटीवरील सुकाणूच्या पेडलवर, पडतो, असे तपास यंत्रणेने नोंदवले. टाकीतील पेट्रोल दाखवणाऱ्या काचेवरही खुणा नव्हत्या आणि नव्या विमानाचा पुरेसा सरावही झालेला नव्हता, हेही तिने कारणांमध्ये धरले. आराखड्यात असा बदल करण्याची बांधणाऱ्याला मुभा होतीच. विमान मात्र विकले गेले, आणि बदल का केला हे ज्याला ठाऊक होते तो माणूस कॉकपिटमध्ये नव्हता. म्हणून दुसऱ्याने बांधलेले विमान घेणाऱ्याने मूळ आराखडा मागवून प्रत्येक फरक स्वतः लिहून काढावा, असे माझे मत आहे. माझ्या विमानात असे सात फरक निघाले, त्यांतील दोन मी पूर्ववत केले.

मी स्वतःही एक मोठा बदल केला. लाकडी प्रोपेलरच्या पट्ट्या सुटू लागल्या होत्या, म्हणून त्याजागी पाती वळवता येणारा धातूचा प्रोपेलर बसवला. असा बदल झाला की एफएएच्या स्थानिक कार्यालयाला कळवावे लागते आणि विमान पुन्हा चाचणीच्या टप्प्यात जाते. निदान पाच तास एकट्याने, नेमून दिलेल्या क्षेत्रात. विमान तीन काट्यांवर ठेवून, शेपूट उड्डाणाच्या पातळीपर्यंत उचलून वजन केले, तेव्हा जुन्या तक्त्यातील ९१२ पौंडांच्या जागी ९६५ पौंड भरले. वाढ बहुतांशी नाकाशी असल्याने तोल पुढे सरकला, आणि एकामागे एक आसने असलेल्या, म्हणजे मागे कोणी बसले की तोल मागे जाणाऱ्या, या विमानात तो फायद्याचाच ठरला. पण एकूण मर्यादा १५०० पौंडांचीच असल्यामुळे टाकी भरून मागे कोणाला बसवायचे, याचा हिशेब आता दर वेळी करावा लागतो. ते पाच तास मी ओहायोतील मक्याच्या शेतांवर घिरट्या घालत काढले. त्यांत शोभेसारखे काही नव्हते, आणि एकदा तेलाचा दाब दाखवणारा काटा अचानक खाली आला तेव्हा उतरून पाहिले तर तार सैल झालेली होती.

आता आपल्याकडील प्रश्नाविषयी. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी २०१७ साली झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडले. वरिष्ठ नेत्यांनी लक्ष घातल्यामुळे ते शक्य झाले, हे सर्वश्रुत आहे. ज्याला असे पाठबळ नाही त्याने काय करायचे, हा आधीच्या पत्रलेखकांचा प्रश्न रास्तच आहे. अमेरिकेतही ही वाट आपोआप तयार झाली नाही. १९४७ साली ओरेगॉनचे जॉर्ज बोगार्डस आपल्या छोट्या ‘लिटल जी बी’ विमानातून देश ओलांडून वॉशिंग्टनला गेले आणि हौशी बांधणीला मान्यता द्यावी म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांचे मन वळवायचा प्रयत्न केला, त्यानंतर काही वर्षांनी हा वर्ग अस्तित्वात आला.

१९३४ च्या विमान कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे. त्याखालील नियमांत हौशी बांधणीचा आणि दुरुस्त केलेल्या जुन्या हौशी विमानांचा वर्ग स्वतंत्रपणे यावा, अशी माझी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला विनंती आहे. मात्र सवलतीबरोबर जबाबदारीची पानेही यावीत: कामाची रोजनिशी, विमानाबरोबर राहणाऱ्या उड्डाणमर्यादा, मालक बदलला तरी कोणालाही मागवता येईल अशी नोंदीची फाईल, आणि धुळे, कराड किंवा लातूर येथील कमी वर्दळीच्या धावपट्ट्यांभोवती नेमलेले चाचणीक्षेत्र. वार्षिक तपासणी दिल्लीहून निरीक्षक येईपर्यंत न थांबवता, महासंचालनालयाचा परवाना असलेल्या विमान देखभाल इंजिनिअरकडे सोपवता येईल. महाराष्ट्रात असे इंजिनिअर पुष्कळ आहेत. बांधणाऱ्यालाच त्याच्या विमानाचा तपासनीस होऊ द्यावे की नाही, यावर मतभेद होतील. त्या चेक नटनंतर माझे मत नकाराकडे झुकले आहे, जरी इथला, म्हणजे अमेरिकेचा, कायदा होकार देतो.

माझ्या विमानाच्या उड्डाणमर्यादा, तपासणीची यादी आणि लॉगबुकातील पाने यांच्या प्रती हव्या असलेल्या वाचकांना आपल्या कार्यालयामार्फत पाठवण्यास मी तयार आहे.

आपला,
एक वाचक
ओहायो, अमेरिका (मूळ पुणे)