तंबाखू सोडल्यानंतरही कायम ठेवलेल्या अधिभाराबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : पॉलिसीच्या नूतनीकरणात लावलेला तंबाखूसेवनाचा अधिभार रद्द करणेबाबत

महोदय,

माझ्या पॉलिसीच्या नूतनीकरणाची सूचना मिळाली असून तीत मूळ हप्त्यावर तंबाखूसेवनाचा 25 टक्के अधिभार यंदाही लावलेला आहे. कारणाच्या रकान्यात ‘कोटिनिन चाचणी पॉझिटिव्ह’ एवढे तीनच शब्द आहेत.

मी अनेक वर्षे तंबाखू खात होतो आणि त्या काळात हा अधिभार एकदाही कुरकुर न करता भरला. ज्याला आजाराचा धोका जास्त त्याने हप्ताही जास्त भरावा, यात मला आजही काही गैर वाटत नाही. परंतु आठ महिन्यांपूर्वी मी तंबाखू पूर्णपणे सोडली. तलफ आवरण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने 2 मिलिग्रॅमचे निकोटिन च्युइंगम अजून घेतो, तेही कमी करत आणले आहे. आपल्या अर्जातील ‘मागील सहा महिन्यांत तंबाखूचे सेवन केले आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देऊन त्याखाली च्युइंगमचा उल्लेख मी स्वतःहून केला होता आणि डॉक्टरांची चिठ्ठीही जोडली होती.

निकोटिनचे शरीरात विघटन झाले की कोटिनिन तयार होते. ते निकोटिन तंबाखूतून आले, त्वचेवरच्या पट्टीतून आले की च्युइंगममधून, हे या चाचणीतून कळत नाही. म्हणजे जे मी अर्जात आधीच लिहून दिले होते, तेवढेच माझे रक्त काढून आपण पुन्हा शोधले. उलट कोटिनिनचे प्रमाण साधारण 16 ते 20 तासांत निम्मे होत असल्याने, चाचणीपूर्वी आठ-दहा दिवस तंबाखू बंद ठेवून खोटे उत्तर देणारा ग्राहक यातून सहज सुटू शकतो.

आपल्या ग्राहक सेवा केंद्राने मला दूरध्वनीवर ‘च्युइंगम बंद करा आणि पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी द्या’ असे सांगितले. निकोटिनचे हे पर्यायी उपचार जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 2009 पासून आहेत. हप्ता वाचवण्यासाठी ते अर्धवट सोडावेत, हा सल्ला आरोग्य विमा विकणाऱ्या कंपनीकडून यावा, याचे मला नवल वाटते.

तरी हा अधिभार रद्द करून सुधारित सूचना पाठवावी. माझ्या शब्दावर विश्वास नसेल, तर ॲनाबॅसिनची मूत्रचाचणी आपल्या खर्चाने करून घ्यावी. हा घटक तंबाखूत असतो, च्युइंगममध्ये नसतो, आणि त्या चाचणीस मी केव्हाही तयार आहे. हेही मान्य नसल्यास, निकोटिन उपचाराला तंबाखूसेवन ठरवणारे कलम पॉलिसीत नेमके कोठे आहे ते लेखी कळवावे, कारण पूर्ण पॉलिसी दोनदा वाचूनही मला ते सापडलेले नाही. नूतनीकरणाची मुदत 18 दिवसांत संपत असून पॉलिसीत खंड पडू देणे मला परवडणारे नाही, म्हणून उत्तर त्यापूर्वी मिळावे.

आपला,
पॉलिसीधारक

सोबत : डॉक्टरांच्या चिठ्ठीची आणि भरलेल्या अर्जाची प्रत